भर पावसात भेटकार्डं करायची आहेत, कागदाला लाटा येतायत

पागोळी, रत्नागिरी

ऑफिसमधल्या एक मॅडम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बदलून जाणार आहेत. त्या अजूनही हाताने पत्रं लिहितात. म्हणून भिंतीवरचं घड्याळ, गणपतीची मूर्ती या नेहमीच्या यादीऐवजी बारा कोऱ्या कार्डांचा संच द्यायचा विचार आहे. सोबत बारा लिफाफे आणि ठेवायला खोका. हाताशी तीन आठवडे, रोज संध्याकाळी तासभर.

माप असं धरलंय: ए-५ कागद (२१० × १४८ मिमी) मधोमध दुमडून ए-६ कार्ड. दर्शनी बाजूला रंगीत हातकागदाचा तुकडा, त्यावर वाळवलेलं पान किंवा फूल. चाचणीला ३०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) आयव्हरी कार्डशीटची चार कार्डं केली. त्यांची गत अशी:

१. दोन कार्डांची घडी सुरेख पडली, दोन घडीवर तडकली आणि तंतू बाहेर आले. शीट एकच, कटरही तोच.
२. पांढऱ्या गमने हातकागद चिकटवून रात्रभर पुस्तकांच्या चवडीखाली ठेवला. सकाळी काढला तेव्हा सपाट होता, दुपारी कार्ड नळीच्या कौलासारखं वाकलं.
३. जास्वंदीच्या पाकळ्या आठ दिवस वहीत ठेवल्या होत्या, त्या तपकिरी झाल्या. कडेला बुरशी.
४. हातकागदावर जेल पेनची शाई पसरते.

आणखी एक. ऑफिसात एका बाजूने छापलेली रद्दी ढिगाने पडते. तिचा लगदा करून कागदच घरी केला तर? या हवेत ते शहाणपणाचं आहे का, तेही सांगा.

शिवणपुठ्ठा, चिपळूण

पहिल्या तक्रारीचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. शीट एक, कटर एक, तरी दोन तडकली आणि दोन नाहीत. म्हणजे दोन कार्डं शीटवर उभी कापलीत आणि दोन आडवी. भानगड ग्रेनची आहे.

मशीनवर कागद होताना ओला लगदा जाळीवरून पुढे पळतो आणि बहुतेक तंतू त्या पळण्याच्या दिशेला लांब होऊन बसतात. ती दिशा म्हणजे ग्रेन. घडी ग्रेनला समांतर असेल तर तंतू घडीच्या कडेने निजून राहतात. घडी आडवी गेली की एकूण एक तंतू मधोमध वाकवावा लागतो, वरचा थर ताणला जातो आणि फाटतो. दमट हवेत कागद नरम असतो, त्यामुळे घडी खरं तर बरी पडायला हवी. जुलैतही तडकतोय तर एसीच्या कोरड्या खोलीत तो आणखीच तडकेल.

ग्रेन ओळखायचा कसा: शीटच्या कोपऱ्यातून ५ सेंमीचा चौकोन कापा. कापण्याआधी शीटच्या लांब बाजूला समांतर एक बाण पेन्सिलीने काढून ठेवा, नाहीतर चौकोन हातात फिरला की सगळं मुसळ केरात. एका बाजूने ओलं बोट फिरवा. तो सुरळीसारखा वळेल. सुरळीची लांबी ज्या दिशेला, तिकडे ग्रेन. खात्री हवी असेल तर १५ मिमी रुंद आणि १५ सेंमी लांब अशा दोन पट्ट्या कापा, एक उभी, एक आडवी. टेबलाच्या कडेवरून सारख्या बाहेर काढून धरा. जी ताठ राहते तिच्यात ग्रेन लांबीने आहे, जी मान टाकते तिच्यात आडवा.

आता हिशेब. तुमच्या कार्डाची घडी १४८ मिमीच्या बाजूला समांतर आहे, तेव्हा ग्रेनही त्याच बाजूने धावायला हवा. बाजारातली शीट बहुधा २२ × २८ इंचाची, म्हणजे साधारण ५५९ × ७११ मिमी. ग्रेन २८ इंचाच्या बाजूने असेल तर १४८ ची बाजू तिकडे लावायची: चार गुणिले दोन, आठ कार्डं. ग्रेन २२ इंचाच्या बाजूने असेल तर तीन गुणिले तीन, नऊ. बारा कार्डं, दोन-तीन बिघडणारी आणि एक नमुना धरा. दोन शीट पुरतात.

दुमडण्याआधी घडीची रेघ दाबून घ्या. रिकामं बॉलपेन किंवा क्रोशाची बोथट सुई, स्टीलची पट्टी, खाली चार-पाच वर्तमानपत्रं किंवा जुना माउसपॅड. रेघ बाहेरच्या बाजूने, एकाच जागी दोनदा, बेताच्या जोराने. आत जो उंचवटा येतो तो घडीच्या आत राहिला पाहिजे. बहुतेक जण उलटं करतात, दाबलेल्या खाचेकडे दुमडतात, आणि मग बाहेरचा थर जास्त ताणला जातो. कटरने अर्धवट काप देऊन दुमडणं हा तर कार्डाचा खूनच. महिन्याभरात तिथून दोन तुकडे होतात.

लाटांचं कारण पाणी. पांढरा गम म्हणजे बरंचसं पाणीच. हातकागदाने ते प्यायलं, तो फुगला, फुगलेल्या अवस्थेत चिकटला. वाळताना आकसला आणि कार्डाला आपल्याकडे ओढलं. सकाळी सपाट दिसला कारण वजनाखालून पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती, तो तेव्हा वाळलेला नव्हताच. चवड काढली, वारा लागला, मग वाकला.

इलाज तीन. पहिला, पाणीच नको: ६ मिमीची दुहेरी चिकटपट्टी, चारी कडांना आणि मध्ये एक तिरकी. हातकागद लवदार असेल तर पट्टी वरचे तंतू घेऊन सुटते, म्हणून पट्टी लावायच्या जागी नखाने कागद घट्ट घासून घ्या. दुसरा, गमच वापरायचा तर फेव्हिकॉलसारखा पांढरा गम पाणी न घालता, कडक ब्रशने, खाली कागदाची वीण दिसेल इतका पातळ ओढा. मग वर-खाली टीपकागद किंवा कोरा न्यूजप्रिंट. छापलेला पेपर नको, शाई उतरते. अर्ध्या तासाने टीपकागद बदला, दोन तासांनी पुन्हा, रात्री पुन्हा, आणि पूर्ण चोवीस तास वजनाखाली. वजनाला चिरा छान, पण खाली पाट आणि मध्ये फडकं हवं, नाहीतर लाल भुकटी कार्डभर. तिसरा इलाज तोल साधण्याचा: पुढे एक थर चिकटवला तर आतल्या बाजूलाही तेवढाच थर त्याच गमने चिकटवायचा, दोन्हींचा ग्रेन एका दिशेला. दोन्हीकडून ओढ सारखी, कार्ड सरळ.

पंक्चरवाल्याकडचं पिवळं सोल्यूशन लाटा आणत नाही म्हणून कुणी सुचवेल. काही महिन्यांत त्याचे तेलकट पिवळे डाग वर येतात.

लगदा-चाळण, अलिबाग

रद्दीचा कागद होतो, पण बारा कार्डं सगळी त्याचीच करू नका. दर्शनी तुकडे त्याचे करा, अंग आयव्हरीचंच ठेवा. कारण वाळवणं. मेमध्ये अंगणात दोन-तीन तासांत सुटणारा ताव जुलैत दीड-दोन दिवस ओला राहतो, आणि तीन-चार दिवस ओल राहिली तर काळे ठिपके नक्की.

वजनाचा हिशेब आधी. दर्शनी तुकडा ९० × १३० मिमी, १५० जीएसएमचा धरला तर एकाचं वजन पावणेदोन ग्रॅम. बारांचे एकवीस ग्रॅम. वाया जाणारं, भांड्याच्या तळाशी राहणारं धरून चाळीस ग्रॅम सुका कागद घ्या. ए-४ चा ७५ जीएसएमचा एक कागद सुमारे ४.७ ग्रॅमचा, म्हणजे नऊ कागद. इतकंच. लोक पोतंभर रद्दी भिजवतात आणि मग लगदा आंबतो. मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. गाळून वड्या करून वाळवा किंवा झाडाच्या आळ्यात घाला.

कागदाचे २-३ सेंमीचे तुकडे हाताने फाडा. कातरले तर तंतू तुटतात. पिना काढा. रात्रभर भिजवा. मिक्सरच्या मोठ्या भांड्यात एका वेळी मूठभर भिजलेला कागद आणि लिटरभर पाणी, पाच सेकंद चालू, पाच बंद, असं सहा वेळा. सलग फिरवलं तर मोटर तापते आणि तंतू पिठासारखे होतात. मग ताव ठिसूळ येतो. शाईने करडा रंग येणारच. पांढरा करायच्या नादी लागू नका. करड्यावर हिरवं पान उलट उठून दिसतं. हळदीचा रंग पहिल्या दिवशी झकास, पण उजेडात उडतो आणि साबणाचा हात लागला की लाल होतो. गेरू चमचाभर घातला तर रंग टिकतो. तो मातीचाच रंग आहे, उडायला त्यात काही नाही.

चौकटी दोन लागतात. एकीवर डासांची बारीक जाळी ताणून खिळलेली, दुसरी नुसती, जाळीवर बसणारी, तावाची कड आखणारी. आतलं माप हव्या त्या तुकड्यापेक्षा ५ मिमी मोठं, ताव वाळताना आकसतो. चौकट पूर्ण आडवी बुडेल असा पसरट टब, पाण्याची खोली निदान १२ सेंमी. लगदा घालून हाताने ढवळा, चौकट उभी घालून पाण्याखाली आडवी करा, सरळ वर उचला, आणि पाणी निथळत असताना एकदा पुढे-मागे, एकदा डावी-उजवी हलवा. या हलवण्यानेच तंतू चारी दिशांना विणले जातात. म्हणून हातकागदाला मशीनच्या कागदाइतका ग्रेन नसतो आणि तो कसाही दुमडता येतो. ताव एका बाजूला जाड आला तर उचलताना चौकट तिरकी झाली. परत पाण्यात उलटी करा, लगदा सोडा, पुन्हा उचला. तुकडा वाया जात नाही, हीच यातली मजा.

उलटी करून ताव जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर उतरवा. कापड आधी ओलं करून पिळलेलं हवं. कोरड्या कापडावर ताव जाळीपासून सुटतच नाही. तीन-चार ताव झाले की दोन पाटांत धरून वर उभे राहा, अक्षरशः. जितकं पाणी दाबून काढाल तितकं वाळवायचं कमी. मग पावसाळ्याची युक्ती: ताव कापडासकट खिडकीच्या काचेवर किंवा सनमायक्याच्या पाटावर ताव आत, कापड बाहेर असा लावा, कापडावरून रुंद ब्रश दाबून फिरवा, कापड अलगद सोला. ताव काचेला चिकटून राहतो. पंख्याखाली वाळतो, कडा आपोआप सुटतात, काचेकडची बाजू गुळगुळीत येते. घाई असेल तर दोन कोरड्या सुती कापडांत घालून इस्त्री, वाफ बंद, एका जागी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, कापड उलटून पुन्हा. थेट इस्त्री लावली तर ताव पापडासारखा फुगतो.

केळीच्या सोपटाचं कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच: होतं. २ सेंमीचे तुकडे, लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, दोन-तीन तास उकळायचं, भरपूर पाण्यात धुवायचं. भांडं स्टीलचं, अॅल्युमिनियम सोडा खातो. पण सोपटात बहुतेक पाणीच, किलोभराला हाती फार थोडं लागतं. रद्दीच्या लगद्यात मूठभर मिसळा, चमकदार रेषा दिसतात. काथ्याच्या भानगडीत पडू नका, तंतू राठ राहतो आणि ताव पायपुसण्यासारखा होतो.

चिंचोका, सावंतवाडी

पावसातलो कागद म्हणजे पापड, सुकलो नाय तर गेलो. वरच्या दोघांशी सहमत, फक्त शाईचं राहिलं.

शाई पसरते कारण त्या हातकागदाला खळ कमी आहे किंवा नाहीच. पाण्याचा थेंब टाकून बघा. दोन-चार सेकंदांत पसरून जिरला तर बिनखळीचा. अर्धा मिनिट गोल बसून राहिला तर लिहिण्याजोगा. जुन्या काळी आपल्याकडे यासाठी चिंचोक्याची खळ. घोंगडीलाही तीच देतात. चिंचोके भाजून, साल काढून, दळून, एक भाग पिठाला पंधरा भाग पाणी, गुठळी न होऊ देता दहा मिनिटं शिजवायचं, फडक्यातून गाळायचं. गार झाली की रुंद ब्रशने पातळ हात, वाळल्यावर उलट्या बाजूने दुसरा. मग शंखाने किंवा वाटीच्या गुळगुळीत बुडाने घासायचं. घोटलेला कागद शाई धरून ठेवतो.

आमच्याकडच्या गंजिफांचं मर्मही पृष्ठभाग बंद करण्यातच आहे. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १० रंग, प्रत्येकी १२ पत्ते, असे १२० गोल पत्ते. हाताने रंगवलेले आणि वर लाखेचा लेप. तो लेप नसता तर इथल्या पावसात पत्ता पत्त्याला चिकटला असता. कार्डांच्या पुढच्या बाजूला गोल चौकटीत मत्स्य, कूर्म, वराह असा एकेक अवतार घेतला तर दहा कार्डं अवतारांची आणि दोन राजा-प्रधानाची. बारा बरोबर. पण रंग घडीपासून निदान ५ मिमी दूर. पोस्टर कलर घडीवर आला की भेगाळतो.

लाखेचा हात द्यायचा मोह झाला तर सुताराकडे मिळतो तो चपडा, एक भाग चपड्याला आठ-दहा भाग स्पिरिट, रात्रभर विरघळू द्या, एकच पातळ हात, फक्त दर्शनी बाजूला. गॅसपासून लांब. मात्र पाऊस कोसळत असताना लावू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि लेपावर भुरकट पांढरी झाक येते. उघडीप मिळाली तरच.

फुलांचं: जास्वंद, सोनटक्का, चाफा, सगळी पाणीदार. पावसाळ्यात वहीत वाळायच्या आधी सडतात. सध्या चिऱ्यांच्या गडग्यावर नेचे उगवलेत, तेच घ्या. पातळ, मुळात सपाट, रंग बऱ्यापैकी टिकतो. दुपारी, पान पुसून कोरडं करून, टीपकागदात. पहिले चार दिवस टीपकागद रोज बदलायचा, सगळी चूक इथेच होते. आठवड्यात कागदासारखं कुरकुरलं पाहिजे. लावायच्या आधी हलकी इस्त्री, दोन कागदांमधून.

पिंपळाची जाळी हवी तर पाण्यात तीन-चार आठवडे कुजवण्याइतका वेळ तुमच्याकडे नाही. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर दीड-दोन तास. जून, जाड पानं घ्या, कोवळ्यांची जाळीही विरघळते. मग ताटलीत पाणी घेऊन जुन्या मऊ टूथब्रशने थोपटत गर काढायचा. घासला की फाटली. हातमोजे घाला, सोडा हाताला लागतो.

बकुळ कार्डावर नको, जाडीमुळे लिफाफ्यात चुरते. पण कपाटात सुकलेला बकुळीचा गजरा असेल तर पातळ कागदाच्या पुडीत बांधून खोक्यात टाका. सुकून वर्ष झालं तरी बकुळ वास सोडत नाही.

शिवणपुठ्ठा, चिपळूण

चिंचोक्याच्या खळीला माझा विरोध. कागद उत्तम होतो, पण खळ म्हणजे पिष्ट, आणि पिष्ट म्हणजे कसरीला निमंत्रण. बाइंडिंगच्या खळीत मोरचूद घालतात ते त्यासाठीच. मात्र मोरचूद विषारी आणि निळसर छटा सोडतो. रजिस्टरच्या पुठ्ठ्यात ठीक, जेवणाच्या टेबलावर बसून पत्र लिहिणाऱ्या माणसाच्या हातात देऊ नये. पांढरा गम एक भाग, पाणी दहा भाग, हेच खळीसारखं वापरा.

त्याहून सोपं म्हणजे हातकागदावर लिहायचंच नाही. आत लिहिण्यासाठी वेगळा पान-जोड घाला: १०० जीएसएमचा बाँड कागद, उघडा २०२ × १४० मिमी, मधोमध दुमडलेला. घडीलगत, मागच्या पानाच्या पाठीवर ५ मिमीची एकच गमाची रेघ. पूर्ण पान चिकटवलंत की पुन्हा लाटा. शेवटी दिसायलाही तेच चांगलं दिसतं.

पागोळी, रत्नागिरी

चौकोन ओला केला, पट्ट्याही धरून बघितल्या. ग्रेन २२ इंचाच्या बाजूने निघाला. म्हणजे नऊ.

पण कागदावर आखून बघितलं तर एका शीटमध्ये दहा बसतात! १४८ रुंदीचे दोन उभे पट्टे, प्रत्येकात तीन, आणि शेजारी २१० रुंदीचा एक पट्टा, त्यात चार. १४८ + १४८ + २१० = ५०६, म्हणजे ५५९ मध्ये आरामात. मग नऊच का?

दुसरं, लिफाफे. दुकानातून आणलेली गमाची पाकिटं गठ्ठ्यातच एकमेकांना चिकटलीत, न वापरता. घरी करायची तर माप काय?

शिवणपुठ्ठा, चिपळूण

बसतात दहा. त्यातली चार फिरवलेली, म्हणजे त्या चारांत ग्रेन घडीला आडवा. तुमच्या पहिल्या चारांपैकी दोन अशीच आली असणार. त्या चारांचे लेबल किंवा खोक्यातले दुभाजक करा, कार्ड नको.

टपालपेटी, वेंगुर्ला

लिफाफ्याचं सोपं गणित. ए-६ कार्डाला तयार पाकीट सी-६ चं, ११४ × १६२ मिमी. घरी करायचं तर ए-४ कागदातून २०५ मिमीचा चौरस कापा, एका ए-४ मध्ये एक लिफाफा. कागद ९० ते १२० जीएसएम. त्याहून जाड घेतला तर चार पाकळ्या एकावर एक येतात तिथे कार्डावर वळ उठतो. चौरस हिऱ्यासारखा ठेवा, मधोमध १११ × १५४ मिमीचा आयत पेन्सिलीने आखा, चारी बाजू वर सांगितल्याप्रमाणे दाबून घ्या. आधी डावी-उजवी पाकळी आत, मग खालची, तिला दोन्ही कडांना ६ मिमी चिकटपट्टी. आयताच्या कोपऱ्यांशी जिथे दोन पाकळ्या भेटतात तिथे कागदाचं टोक उरतं, ते कातरीने व्ही आकारात काढा. नाहीतर कोपरा फुगतो आणि कार्ड अडकतं. इथे ग्रेनची काळजी करू नका, चारी घड्या चौरसाच्या कर्णांच्या दिशेने आहेत, ग्रेन सगळ्यांनाच तिरका पडतो.

चिकटलेल्या पाकिटांचं कारण हवा. झाकणावरचा सुकलेला गम ओल धरतो आणि पुन्हा जागा होतो. चिकटलेली दोन तास फ्रीजरमध्ये ठेवून पातळ सुरीने उघडून बघा, गम कडक होऊन बरीचशी सुटतात. नव्यांच्या झाकणाला गम लावूच नका. दुहेरी चिकटपट्टी लावा आणि वरचा कागदी पापुद्रा तसाच राहू द्या. मॅडम लागेल तेव्हा काढतील. किंवा झाकण खालच्या पाकळीत खोचायचं, चिकटवणं नाहीच.

त्या कार्डं टपालाने पाठवणार, तर वजन बघा. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. ३०० जीएसएमचं ए-५ म्हणजे ९.३ ग्रॅम, आतला जोड २.८, लिफाफा १०० जीएसएमचा ४.२, दर्शनी तुकडा १.८, एकूण १८.१. चिकटपट्टी आणि पान धरून १९ च्या आसपास, म्हणजे काठावर. पिंपळाची जाळी काही वजन घालत नाही, पण मणी, टिकल्या, लाकडी बटणं लावलीत की तिकीट वाढलं, शिवाय शिक्का मारताना पाकीट फाटतं. ३०० ऐवजी २५० जीएसएम घेतलंत तर दीड ग्रॅम सुटतो आणि घडीही सोपी. मी २५० घेईन. शीट आणून झालीत तर असू दे.

शाईचा आणखी एक मुद्दा. मागे छोटी ओळ किंवा नाव छापायचं असेल तर इंकजेटवर नको, दमट हाताने पुसतं. लेझरवर छापा, आणि ते चिकटवाचिकटवीच्या आधी. पान लावलेलं कार्ड प्रिंटरमध्ये घातलं तर पान प्रिंटरमध्येच राहतं.

लगदा-चाळण, अलिबाग

खोक्याचं माप कुणी दिलं नाही. दुमडलेलं कार्ड आतल्या जोडासकट सुमारे १.१ मिमी, दर्शनी तुकडा आणि पान धरून दीड. बारांचे १८. लिफाफे बारा, रिकामे, ५-६ मिमी. हवेसाठी थोडं धरून आतली खोली ३० मिमी, लांबी-रुंदी १६० × ११८. लिफाफे वेगळ्या थरात, कार्डांमध्ये एकेक बटर पेपर, म्हणजे नेच्याची टोकं शेजारच्या कार्डात अडकत नाहीत.

खोका बंद करण्याआधी कार्डं कोरडी हवीत, दिसायला नव्हे, खरोखर. घट्ट झाकणाचा पाच लिटरचा स्टीलचा डबा, तळाशी साठ-सत्तर ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत, वर जाळी किंवा उपडी चाळणी, तिच्यावर कार्डं चवडीत, वर हलकं वजन. दोन दिवस. नारिंगी दाणे घ्या, ओल धरली की रंग बदलतात आणि मंद आचेवर लोखंडी तव्यात परतले की पुन्हा कामाला येतात. ती कढई-तवा मात्र स्वयंपाकाचा नको. निळे दाणे टाळा, त्यात कोबाल्ट असतो. ओली कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत बंद करणं सगळ्यात वाईट. ओल आतच कोंडते आणि मॅडमनी पिशवी उघडली की पहिला वास बुरशीचा.

कसरीसाठी डांबर गोळ्या टाकू नका, कागद वर्षभर तो वास धरतो. वाळलेली कडुलिंबाची पानं पुडीत, किंवा कापराची एक वडी कागदात गुंडाळून कोपऱ्यात. बकुळीच्या पुडीशेजारी कापूर नको, दोन्ही वास बिघडतात. यातलं एक निवडा.

पागोळी, रत्नागिरी

बकुळ.

शीट ३०० च्या आणून झाल्यात, त्याच वापरते, दर्शनी तुकडा लहान करून ८० × ११० ठेवते म्हणजे वजन आत राहील. नेचे आजच टीपकागदात घातले. काचेवर ताव लावायला पुढचा रविवार धरलाय. एक शंका: खिडकीची काच आतून घाम धरते, बाहेर पाऊस असला की. ताव सुटेल का?

लगदा-चाळण, अलिबाग

नाही सुटणार. काच गार असली की ताव आणि काच यांच्यामध्ये ओल साचते. कपाटाच्या दाराचा सनमायका घ्या, आतल्या भिंतीवरचा. दाराच्या कडेवरून ताव लावू नका, कपाट उघडताना फाटेल.